ताक, तूप आणि प्रथिने : दुग्धप्रथिनांच्या पुरवठ्याचा मराठवाड्याच्या संदर्भात एक विचार

१

भारतातील दुधाच्या पुरवठ्याचा इतिहास केवळ आकड्यांच्या आधारे सांगावयाचा झाल्यास तो थोडक्यात सांगता येतो. १९५०-५१ साली देशातील दुधाचे वार्षिक उत्पादन सुमारे १ कोटी ७० लक्ष टन होते आणि दरडोई दररोज सुमारे १३० ग्रॅम दूध उपलब्ध होते. पुढील दोन दशकांत उत्पादन थोडेफार वाढले. परंतु लोकसंख्येची वाढ त्याहून वेगाने झाल्यामुळे १९७३-७४ पर्यंत दरडोई उपलब्धता सुमारे ११० ग्रॅमपर्यंत खाली आली. तेथून मात्र आलेख सतत चढता आहे. १९९०-९१ मध्ये १७६ ग्रॅम, २०००-०१ मध्ये सुमारे २२० ग्रॅम, २०१०-११ मध्ये २८१ ग्रॅम आणि २०२३-२४ मध्ये ४७१ ग्रॅम असे हे आकडे आहेत. २०२३-२४ मधील एकूण उत्पादन सुमारे २३ कोटी ९० लक्ष टन होते.

या दुधाचे प्रथिनांत रूपांतर करणे कठीण नाही. गाईच्या दुधात शेकडा ३.२ ते ३.५ व म्हशीच्या दुधात शेकडा ४ च्या आसपास प्रथिने असतात. सरासरी साडेतीन टक्के धरल्यास १९५०-५१ साली दरडोई दररोज सुमारे साडेचार ग्रॅम, १९७३-७४ साली चार ग्रॅमहूनही थोडी कमी आणि २०२३-२४ साली सोळा ग्रॅमच्या वर दुग्धप्रथिने उपलब्ध होती, असा हिशेब निघतो. पन्नास वर्षांत चौपट वाढ झाली हे निर्विवाद आहे, आणि तिचे महत्त्व कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही.

प्रश्न निराळाच आहे. दूध आणि दुग्धप्रथिने या दोहोंचा इतिहास एकच मानता येईल काय? प्रस्तुत लेखकाच्या मते तो तसा मानता येत नाही. दुधाचे घटक एकमेकांपासून वेगळे करता येतात. ते वेगळे झाले म्हणजे वेगवेगळ्या वाटांनी जातात. आणि कोणता घटक गावात राहतो व कोणता गावाबाहेर जातो हे त्या काळच्या व्यवहारावर अवलंबून असते. हा व्यवहार मराठवाड्यात कसा होता व तो कसा पालटला, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा विषय होय. यासाठी सरकारी आकडेवारीच्या जोडीला मराठी भाषेतील शब्द आणि म्हणी यांची साक्ष येथे काढली आहे.

२

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत खेड्यातील दुधाचा मुख्य विक्रेय पदार्थ तूप हा होता. दूध काही तासांत नासते, दही काही दिवसांत आंबते. परंतु चांगले कढविलेले तूप महिनोन्‌महिने टिकते आणि बैलगाडीने किंवा डोक्यावरून वाहून नेता येते. स्वातंत्र्यपूर्व काळातील व त्यानंतर लगेच झालेल्या पाहण्यांवरून देशातील दुधाचा फार मोठा भाग, काही अंदाजांनुसार जवळजवळ निम्मा, तुपासाठी वापरला जात असे.

मराठवाड्याच्या बाबतीत या गोष्टीला आणखी दोन कारणे होती. एक म्हणजे येथील पशुधनाचे स्वरूप. देवणी आणि लाल कंधारी या येथील गाईंच्या जाती मुख्यतः उत्तम बैलांसाठी प्रसिद्ध. काळ्या भारी जमिनीची नांगरट हे बैलाचे काम आणि बैल देणे हे गाईचे काम. दूध हे त्या मानाने दुय्यम फळ. दुभत्याचा भार बव्हंशी मराठवाडी म्हशीवर असे. दुसरे कारण दळणवळणाचे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथून जात असला तरी तो मीटरमापी होता आणि मुंबईकडे जाणाऱ्या मालाला मनमाडला गाडी बदलावी लागे. अशा स्थितीत दुधासारखा नाशवंत माल दूरच्या बाजारात पाठविणे अशक्यप्राय होते.

तूप करण्याच्या क्रियेत प्रथिनांचे काय होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. दूध तापवून विरजण लावले, दही घुसळले, की स्निग्धांश लोण्यात जातो. प्रथिने जवळजवळ सर्वच्या सर्व ताकात राहतात. म्हशीच्या दहा लिटर दुधात स्थूलमानाने सातशे ग्रॅम स्निग्धांश व चारशे ग्रॅम प्रथिने असतात. घरधनी जेव्हा त्याचे तूप करून बाजारात विकतो तेव्हा तो स्निग्धांश विकतो. चारशे ग्रॅम प्रथिने डेऱ्यात, म्हणजे गावातच, शिल्लक राहतात. ताकात पाणी घातल्याने ती पातळ होतात, पण नाहीशी होत नाहीत. शिवाय दोन-तीन दिवसांत ती संपविणे भाग असते, कारण ताक साठवून ठेवता येत नाही.

या ताकाचे आहारातील मोल केवळ प्रमाणावरून ठरत नाही. मराठवाड्याचे मुख्य अन्न ज्वारी. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाची उणीव असते आणि दुग्धप्रथिनांत ते विपुल असते. भाकरी आणि ताक, किंवा ताकात शिजविलेल्या कण्या, या जोडीत एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. १९३७ साली कुन्नूर येथील पोषण संशोधनशाळेत आयक्रॉइड व कृष्णन यांनी साय काढलेल्या दुधाची जोड भारतीय मुलांच्या नेहमीच्या आहारास देऊन पाहिली असता मुलांची वाढ सुधारल्याचे आढळले. स्निग्धांश काढून घेतल्यावर उरलेल्या भागाचे मोल त्यावरून स्पष्ट होते. ताक हा त्या भागाचाच देशी प्रकार म्हणावयास हरकत नाही.

३

आता भाषेची साक्ष पाहू. दूध, दही, ताक, लोणी हे शब्द अनुक्रमे दुग्ध, दधि, तक्र, नवनीत या संस्कृत शब्दांपासून प्राकृताच्या द्वारे मराठीत आले आहेत. 'तूप' मात्र या ओळीत बसत नाही. हिंदी-गुजरातीत 'घृत' पासून 'घी' झाले. मराठीने प्राकृतातील 'तुप्प' उचलले, आणि कन्नडातही तुपाला 'तुप्प' च म्हणतात. दक्षिणेतील भाषासंपर्काची ही एक ठळक खूण होय. घरोघर दररोज होणाऱ्या पदार्थांची नावे एका परंपरेतून यावीत आणि बाजारात जाणाऱ्या पदार्थाचे नाव शेजारच्या भाषेशी समाईक असावे, हे सूचक आहे. परंतु एवढ्याशा पुराव्यावरून त्याहून मोठा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही.

म्हणींची साक्ष अधिक स्पष्ट आहे. 'ताकाला जाऊन भांडे लपविणे', 'कामापुरता मामा, ताकापुरती आजी', 'ताकापुरते रामायण' आणि 'दुधाची तहान ताकावर भागविणे' या चारही उक्ती मराठीत सर्वत्र रूढ आहेत. आज आपण त्यांचा केवळ लाक्षणिक अर्थ घेतो. परंतु लक्षणा ज्या वाच्यार्थावर उभी आहे तो एके काळी नित्याच्या अनुभवाचा असल्याशिवाय म्हण रूढच होत नाही. पहिल्या म्हणीतील मनुष्य शेजाऱ्याच्या घरी ताक मागावयास जातो आणि भांडे पदराआड लपवितो. म्हणजे भांडे घेऊन ताक मागावयास जाणे ही सर्वांना माहीत असलेली रीत होती. नुसते भांडे दिसले तरी येण्याचे कारण कळत असे. दुसरीत ताक मिळविण्यासाठी परक्या स्त्रीला 'आजी' म्हटले जाते, तिसरीत ताक मिळेपर्यंतच रामायण ऐकविले जाते. तिन्ही ठिकाणी ताकाची किंमत पैशाने चुकती केलेली नाही. ती आर्जवाने, नात्याने किंवा सेवेने चुकती केली आहे. चौथी म्हण दूध आणि ताक यांची प्रतिष्ठा सांगते: ज्याला दूध परवडत नाही त्याच्या वाट्याला ताक येते.

आता या म्हणी दुधाच्या किंवा तुपाच्या संदर्भात ठेवून पाहाव्यात. 'तुपापुरती आजी' असे मराठीत कोणी म्हणत नाही, कारण तूप मागून मिळत नसे. दुधाच्या व्यवहारासाठी मराठीत प्रचलित असलेला शब्द आहे 'रतीब', आणि तो मूळचा अरबी. नेमून दिलेले वेतन किंवा शिधा असा 'रातिब' चा अर्थ. दुधाचा रतीब लावला जातो, त्याचे पैसे ठरलेले असतात. अशा रीतीने भाषेने तीन पदार्थांचे तीन व्यवहार स्वच्छ वेगळे ठेवले आहेत: तुपाची विक्री, दुधाचा रतीब आणि ताकाचे मागणे. ताक किती वाटले जाई हे म्हणींवरून मोजता येत नाही; ते कोणत्या संबंधातून वाटले जाई एवढे मात्र निश्चित सांगता येते.

४

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्या म्हणी ताक मिळत असल्याचे सांगतात त्याच म्हणी मागणाऱ्याची लाज आणि लाचारीही सांगतात. भांडे लपविण्याची वेळ यावी यातच त्या व्यवहाराचे स्वरूप उघड होते. ताक देणे हा गुरे बाळगणाऱ्याचा अनुग्रह होता, मागणाऱ्याचा हक्क नव्हता.

त्यातही जातिव्यवस्थेची उतरंड होती. अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांस गावाच्या दुधादुभत्यात समानतेने वाटा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जे मिळे ते दुरून, वरून ओतून. दुग्धपदार्थ हे केवळ अन्न नसून दर्जाचे चिन्ह होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. जयपूर संस्थानातील चकवारा गावी १९३६ साली अस्पृश्यांनी आपल्या जेवणात तूप वाढले म्हणून त्यांच्यावर सवर्णांनी हल्ला केला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात या घटनेचा उल्लेख केला आहे. तूप ज्यांना वर्ज्य, त्यांना ताक देणे हा या व्यवस्थेचा उदारपणा नव्हे, तिचाच एक भाग होय.

शिवाय ताकाचा पुरवठा ऋतूवर अवलंबून असे. पावसाळ्यानंतर चारा असेपर्यंत तो बरा. उन्हाळ्यात जनावरे आटली की ताकही आटे. १९७२ च्या दुष्काळासारख्या प्रसंगी, चाऱ्याअभावी जनावरेच हातची गेली म्हणजे, सर्व साखळीच तुटे. तेव्हा १९५० च्या सुमारास गोरगरिबांस दुग्धप्रथिने भरपूर मिळत होती असा या लेखाचा दावा नाही. दावा एवढाच आहे की, त्या वेळच्या दरडोई साडेचार ग्रॅमांपैकी काही अंश गुरे नसलेल्या घरांपर्यंत विनामूल्य पोहोचविणारी एक वाट होती, आणि ती वाट उत्पादनाच्या आकड्यात दिसत नाही.

५

ही वाट बंद होण्याची सुरुवात शहरांच्या गरजेतून झाली. मुंबईची लोकसंख्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फुगली आणि १९४५ साली सरकारने मुंबई दूध योजना सुरू करून गुजरातेतील खेडा जिल्ह्यातून दूध आणविण्याची व्यवस्था केली. १९४६ मध्ये खेडा जिल्हा सहकारी संघ स्थापन झाला; १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत उभी राहू लागली. या योजनेचे सूत्रधार दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी मिसळून 'टोण्ड' दूध मुंबईत आणले. ३ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असे त्याचे प्रमाण. ही कल्पना ताकाच्या तत्त्वाचेच नागर रूप म्हणता येईल: स्निग्धांश कमी, प्रथिने तेवढीच, किंमत गरिबाला झेपेल अशी. फरक एवढा की ते आर्जवाने नव्हे, पैशाने मिळे.

१९७० साली सुरू झालेल्या 'ऑपरेशन फ्लड' योजनेने हे सूत्र देशभर नेले. युरोपीय देशांतील अतिरिक्त साठ्यातून देणगीदाखल आलेली दुधाची भुकटी व बटर ऑइल यांचे दूध करून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे विकावयाचे आणि त्या पैशातून ग्रामीण सहकारी दूधसंघ उभारावयाचे, अशी ती योजना होती. १९९६ पर्यंत ती तीन टप्प्यांत चालली. १९८३ साली क्लॉड अल्वारिस यांनी 'इलस्ट्रेटेड वीकली' मध्ये तिच्यावर कडाडून टीका केली, १९८५ मध्ये शांती जॉर्ज यांचा चिकित्सक ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विषयावर मोठा वाद झडला. खेड्यांतील दूध शहरांकडे ओढले जाते हा टीकाकारांचा एक प्रमुख आक्षेप. खेड्याला रोख उत्पन्न मिळते व उत्पादनच वाढते हे समर्थकांचे उत्तर. दोन्ही बाजूंत तथ्य होते, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या घरांविषयी बोलत होत्या. ज्याच्या दारी म्हैस आहे त्याला पैसा आला. ज्याच्या दारी ती नाही त्याचे ताक गेले.

महाराष्ट्रात १९६३ साली कोल्हापूर जिल्हा संघ, १९६७ साली राज्य महासंघ ('महानंद') आणि त्याच वर्षी उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांची 'बाएफ' संस्था स्थापन झाली. संकरित गाईंच्या प्रसाराला गती मिळाली. सिंचन, उसाचे वाढे आणि सहकाराची जुनी परंपरा यांमुळे या चळवळीचे बळ पश्चिम महाराष्ट्रात एकवटले. मराठवाडा मागे राहिला. येथील काही भागांनी रस्त्यांच्या अभावावर दुसराच उपाय काढला होता. बालाघाटच्या डोंगररांगेत, धाराशिव जिल्ह्यातील भूम-वाशीच्या परिसरात, दूध आटवून खवा करण्याचा धंदा वाढला व कुंथलगिरीच्या खव्याची ख्याती दूरवर पसरली. तूप आणि खवा हे दोन्ही दूध टिकविण्याचे उपाय. परंतु प्रथिनांच्या दृष्टीने ते परस्परविरुद्ध आहेत. तुपाबरोबर फक्त स्निग्धांश गावाबाहेर जातो. खव्यात पाणी तेवढे उडून जाते. स्निग्धांशाबरोबर प्रथिनेही गावाबाहेर जातात, आणि कढईत मागणाऱ्यासाठी काही उरत नाही.

६

गावोगाव दूध-संकलन केंद्रे निघाल्यानंतर भाषाही पालटली. पूर्वी दूध 'विरजले' जाई, आता ते 'डेअरीला घातले' जाते. 'फॅट किती लागली?' आणि 'डिग्री बसत नाही' ही वाक्ये आज मराठवाड्यातील कोणत्याही केंद्रावर ऐकू येतात. यांतील 'लागणे' व 'बसणे' ही क्रियापदे चिंतनीय आहेत: उत्पादकाने काही केले असे ती म्हणत नाहीत, यंत्राने काही ठरविले असे म्हणतात. दुधाचा भाव प्रथम स्निग्धांशावर आणि पुढे स्निग्धेतर घनपदार्थांवरही ठरू लागला. प्रथिने या दुसऱ्या गटात शर्करेबरोबर मोजली जातात. त्यांचे स्वतंत्र नाव गावच्या भावफलकावर नसते. ज्या घटकाला पूर्वी किंमत नव्हती म्हणून तो वाटला जाई, तो आता विकला जातो, पण अनामिक राहून.

राष्ट्रीय आकड्यांकडे परत येता एक विसंगती नजरेस येते. २०२२-२३ च्या कुटुंबनिहाय खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई दररोज सुमारे ६२ ग्रॅम प्रथिने घेतली जातात आणि त्यांतील दूध व दुग्धपदार्थांचा वाटा एक-दशांशाच्या आसपास किंवा किंचित अधिक आहे. म्हणजे सहा-सात ग्रॅम. उत्पादनावरून काढलेला आकडा मात्र सोळा ग्रॅमच्या वर आहे. या तफावतीचा काही भाग मिठाई, उपाहारगृहे, वासरांचे दूध, नासाडी आणि शहरांचा अधिक खप यांनी भरून निघेल. तरीही उपलब्धता आणि आहार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. महाराष्ट्राचा विचार केला तर देशाच्या लोकसंख्येत राज्याचा वाटा नऊ टक्क्यांच्या वर, तर २०२३-२४ च्या दूध उत्पादनात तो सातहून कमी आहे. आणि राज्यांतर्गत मराठवाड्याचे स्थान सर्वश्रुत आहे.

दुसरीकडे, पनीर आणि चीज यांच्या कारखान्यांत उरणाऱ्या निवळीतून काढलेले 'व्हे प्रोटीन' शहरांतील व्यायामशाळांत महागड्या डब्यांतून विकले जाते. निवळी हा मराठीतील जुना शब्द. तिला भाव होता असे कोणतीही म्हण सांगत नाही. दुधाचा जो भाग एके काळी उरलासुरला मानला जाई तोच आज सर्वांत महाग झाला आहे.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. भारतातील दुग्धप्रथिनांच्या पुरवठ्याची वाढ खरी आहे, परंतु ती एकाच आलेखाने दाखविली जाते तेव्हा तीत दोन वेगळ्या व्यवस्था एकत्र मिसळतात. पहिल्या व्यवस्थेत पुरवठा अल्प होता, पण स्निग्धांश बाजारात व प्रथिने गावात अशी विभागणी असल्यामुळे त्याचा काही भाग मागण्याच्या रीतीने, अपमानासह का होईना, गुरे नसलेल्यांपर्यंत जाई. दुसऱ्या व्यवस्थेत पुरवठा विपुल आहे, अपमान नाही. परंतु सबंध दूध पैशाच्या वाटेने जाते आणि ज्याच्याजवळ म्हैस नाही व पैसाही नाही त्याच्यासाठी कोणतीच वाट उरत नाही.

पहिल्या व्यवस्थेकडे परत जाणे शक्य नाही व इष्टही नाही. ताकाची जागा हक्काने घ्यावयाची असेल तर ती सार्वजनिक व्यवस्थेनेच घेतली पाहिजे. आपल्या सीमेपलीकडील कर्नाटकाने, ज्याचे बीदर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे एके काळी मराठवाड्याबरोबर एकाच संस्थानात होते, २०१३ साली 'क्षीरभाग्य' योजनेद्वारे शाळा व अंगणवाड्यांतील मुलांस भुकटीपासून केलेले १५० मिलिलिटर दूध देण्यास आरंभ केला. तेथे मुलाला भांडे लपवावे लागत नाही, आणि कोणाला आजी म्हणावे लागत नाही.

अभ्यासकांच्या दृष्टीने एक काम मात्र तातडीचे आहे. ताक मागण्या-देण्याचे शब्द, त्यांतील नात्यांची संबोधने, कोणाला कोठपर्यंत येऊ दिले जाई याविषयीचे वाक्प्रचार, हे सर्व ज्यांच्या तोंडी आहे ती पिढी आता वृद्ध झाली आहे. मराठवाड्यातील तालुक्यांतून ही सामग्री पद्धतशीरपणे गोळा केल्यास आहाराच्या इतिहासाला असे एक साधन मिळेल की जे कोणत्याही अन्नताळेबंदात सापडणार नाही. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम क्षेत्रकार्य म्हणून हाती घ्यावे, अशी सूचना करून हे विवेचन येथे पुरे करतो.